कोरलेली जुनी नाणी (लव्ह टोकन): घेताना काय बघायचं आणि घेतल्यावर काय करायचं नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात 1876 सालचा चांदीचा डाइम (दहा सेंटचं नाणं) मिळाला. एका बाजूला बसलेली लिबर्टी (स्वातंत्र्यदेवता) आणि साल शाबूत आहे. दुसरी बाजू घासून सपाट केलेली, तिच्यावर तीन अक्षरं एकमेकांत गुंफून कोरलेली. लिबर्टीच्या बाजूला तुटलेल्या पिनचं बूड चिकटलेलं आहे. हे खरं आहे का, अशी नाणी जमवण्यात अर्थ आहे का, साफ करून सोनाराकडून गळ्यात घालण्याजोगं करून घेता येईल का, आणि भारतात आणायचं झालं तर?

वर्णनावरून हे अगदी ठरावीक अमेरिकन लव्ह टोकन आहे. नाणं घासायचं आणि त्यावर नाव, आद्याक्षरं, चित्र कोरून आपल्या माणसाला द्यायचं, ही मूळची ब्रिटनमधली चाल. तिथे आधी चांदीचे सिक्सपेन्स वाकवून देत, पुढे तांब्याच्या पेनी आणि हाफपेनी घासून कोरू लागले. लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटल या अनाथाश्रमात 1741 पासून मूल सोपवताना आया जी ओळखीची खूण ठेवून जात, त्यांतही कोरलेली नाणी आहेत. अमेरिकेत या प्रकाराला खरा बहर आला तो 1860 नंतर, आणि शतक संपता संपता तो ओसरला. सरकारने बंदी घातली म्हणून तो संपला, असं विक्रेते हमखास सांगतात. आजचा अमेरिकन कायदा मात्र फसवणुकीच्या हेतूने नाण्यात केलेल्या फेरफाराबद्दल आहे. आठवण म्हणून कोरलेलं नाणं बाळगणं किंवा विकणं हा तिथे गुन्हा नाही.

डाइमच का, तर तो सोयीचा होता. 17.9 मिमी व्यास, म्हणजे ब्रेसलेटमध्ये सात-आठ बसतात आणि कानातही जड होत नाहीत. 90 टक्के चांदी, उरलेलं तांबं; कोरणीखाली नीट कापली जाणारी धातू. आणि किंमत दहा सेंट. त्याहून लहान हाफ डाइम (15.5 मिमी) आणि तीन सेंटचं चांदीचं नाणं (14 मिमी) यांवर अक्षरं दाटीवाटीने बसतात. क्वार्टर (पंचवीस सेंट, 24.3 मिमी) घेतला तर चित्र काढायला जागा मिळते. ऐपत असलेले सोन्याचा एक डॉलर कोरून घेत.

नाणेसंग्राहकाला दाखवाल तर तो म्हणेल, नाणं खराब केलंय. त्याच्या हिशेबाने ते बरोबर आहे. या छंदात मात्र नाणं हा फक्त पाट असतो आणि पैसे द्यायचे ते त्यावरच्या कोरणीच्या हाताला. हा फरक एकदा डोक्यात बसला की पुढचे बहुतेक निर्णय सोपे होतात. मुळात दुर्मीळ सालाचं नाणं आहे म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याला ते देऊ नयेत. घासल्यावर तो भाव गेलेला असतो.

आधी धातू तपासून घ्या. 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा तराजू आणि 10 पट मोठं दाखवणारं भिंग एवढं पुरतं. 1873 नंतरचा डाइम 2.50 ग्रॅमचा, 1853 ते 1873 मधला 2.49 चा, त्याआधीचा 2.67 चा. एक बाजू घासताना सरासरी 0.1 मिमी जाडी गेली असं धरलं तर साधारण 0.26 ग्रॅम चांदी जाते. म्हणजे एक बाजू घासलेला, थोडा वापरलेला डाइम 2.2 ग्रॅमच्या आसपास यायला हवा. बाजू पूर्ण सपाट आहे, कडी नाही, पिन नाही आणि तरी वजन 2.5 ग्रॅम भरतंय, तर ते नाणं ओतीव नक्कल असण्याचा संशय घ्या. मग घनता काढा: तराजूवर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्यावर आणा, नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात अधांतरी सोडा, तळाला टेकू देऊ नका. तराजू जो आकडा दाखवेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. 2.2 ग्रॅमच्या चांदीच्या नाण्याला तो आकडा 0.21 च्या आसपास येतो आणि घनता 10.3, पितळ असेल तर 0.26 आणि साडेआठ. नाण्याला चिकटलेले बुडबुडे आधी झटका, नाहीतर चांदीचंही पितळ होतं. कडी किंवा पिन जोडलेली असेल तर ही पद्धत फक्त अंदाजापुरती.

तुमच्या नाण्यावर साल आहे हे बरं. साल असलेली बाजूच घासली गेली असेल तर मागची माळ बघायची. गव्हाचं कणीस, मका, ओक आणि मेपलची पानं असलेली मोठी माळ आणि मध्ये वन डाइम, एवढंच असेल तर नाणं 1860 किंवा त्यानंतरचं. माळेभोवती देशाचं नावही असेल तर त्याआधीचं. पण हीच कणसाची माळ 1892 ते 1916 च्या बार्बर डाइमवरही (नंतरच्या छापाच्या) आहे, त्यामुळे 'नक्की 1870 चं' असं कोणी त्या बाजूवरून सांगत असेल तर ऐकून सोडून द्या.

आता मुख्य गोष्ट, कोरणी. चांगल्या कारागिराने कोरलेलं अक्षर हे नुसती खोदलेली रेघ नसते. तो कोरणीचं (कोरायच्या हत्याराचं) टोक आरशासारखं घासून घेई आणि कापताना एका अंगावर कलती धरी. त्यामुळे खाचेची एक भिंत उभी आणि अरुंद, दुसरी रुंद, उतरती आणि चकचकीत होते. याला ब्राइट कट म्हणतात. खोलीत एकाच बाजूने दिवा ठेवा आणि नाणं बोटांत हळू फिरवा: अक्षराचे वेगवेगळे भाग पाळीपाळीने चमकून विझतात. अक्षराचा फराटा बारीक सुरू होतो, पोटात फुगतो आणि पुन्हा बारीक होत संपतो, कारण कोरणी आत खोल जाऊन वर आलेली असते. दुसरा एक कट दिसतो तो नागमोडी: कोरणी डावीकडे-उजवीकडे डुलवत पुढे नेली की बारीक झिगझॅग रेघ उमटते. किनार आणि अक्षरांच्या पोटातली छाया यांसाठी हा वापरत.

यंत्राची रेघ यापुढे लगेच उघडी पडते. हिऱ्याच्या टोकाने ओढणारं आजचं कोरीवयंत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची रेघ काढतं आणि तिची टोकं गोल असतात. लेझरच्या खाचेचा तळ भिंगाखाली खडबडीत, वितळलेल्या बारीक खड्ड्यांचा दिसतो आणि खोली सगळीकडे सारखी. आम्लाने खाल्लेल्या अक्षराचा तळ रवाळ असतो. ठोकून उमटवलेल्या अक्षरांभोवती धातू किंचित फुगलेली असते. ही अक्षरं बनावटच असतात असं नाही, पण त्यांचा दर्जा खालचा.

खरी अडचण आहे ती आज हाताने कोरलेल्या नक्कलेची. जुने झिजके डाइम स्वस्तात मिळतात आणि हातात कला असलेले लोक आजही आहेत. इथे एक कसोटी सगळ्यांत जास्त उपयोगी पडते: ओरखड्यांचा क्रम. घासलेल्या सपाट बाजूवर वापराचे ओरखडे असतातच. भिंगाखाली एक लांब ओरखडा निवडा आणि तो अक्षराला जिथे गाठतो तिथे थांबा. कोरणी आधीची असेल तर ओरखडा खाचेच्या धारेवरून जाताना ती धार किंचित मोडतो, कधी पलीकडच्या धारेवरही खूण सोडतो. कोरणी नंतरची असेल तर ओरखडा खाचेशी येऊन चाकूने कापावा तसा तुटतो आणि खाचेच्या दोन्ही धारा धारदार राहतात. असे सात-आठ छेद तपासा. सगळीकडे धारच जिंकत असेल तर अक्षरं नवी आहेत, मग वरून कितीही काळवंडलेली असोत. काळवंडणं हा पुरावा नाही, कारण गंधकाच्या द्रावणात बुडवून चांदी काही मिनिटांत काळी करता येते. असा काळा रंग खाचेत दाट, एकसारखा आणि शाईसारखा बसतो. काळाने आलेला रंग कोपऱ्यांत गडद, उतारावर फिका आणि त्यात कपड्यांची, साबणाची मळी असते.

कापसाचा बोळा अक्षरांवरून हलकेच फिरवून बघा. ताज्या कोरणीचे कंगोरे तंतू पकडतात. दहा-वीस वर्षं अंगावर राहिलेल्या नाण्यावर ते उरलेले नसतात. झीजही तर्काला धरून हवी. अक्षरांच्या केसासारख्या बारीक रेघा आधी जातात, जाड पोटं टिकतात. एखाद्या फराट्याच्या टोकापुढे कोरणी निसटल्याची उनाड बारीक रेघ दिसली तर नाराज होऊ नका, ती हाताच्या कामाची खूण आहे. पृष्ठभागावर मंद समकेंद्री वर्तुळं दिसली तर नाणं लेथवर सपाट केलेलं. समांतर रेघा दिसल्या तर कानस किंवा दगडावर. दोन्ही जुन्या पद्धती आहेत.

कोरलेली तारीख आणि नाण्याचं साल जुळलं नाही म्हणून घाबरू नका. 1889 च्या नाण्यावर 1880 कोरलेलं असेल तर ती जन्माची किंवा मृत्यूची तारीख असू शकते.

गुंफलेली अक्षरं वाचताना घाई नको. तिन्ही सारख्या उंचीची असतील तर बहुधा डावीकडून उजवीकडे; मधलं ठळक मोठं असेल तर बहुधा आडनाव तेच. आय आणि जे, टी आणि एफ, एस आणि एल यांत नेहमी गोंधळ होतो. झाडाच्या फांद्यांसारखी अक्षरं त्या काळी फार आवडीची होती आणि तीच वाचायला सगळ्यांत चकवतात. विक्रेत्याने पाकिटावर लिहिलेलं वाचन प्रमाण मानू नका. उजेडाची दिशा बदलून तीन-चार फोटो काढा आणि दुसऱ्या कोणाला न सांगता वाचायला द्या.

दागिना म्हणून जोडकाम तपासायचं ते वेगळं. आडवी नळीची बिजागरी, लांब पिन आणि सी अक्षरासारखा साधा आकडा ही जुनी मांडणी. फिरवून बंद होणारा सुरक्षित आकडा विसाव्या शतकाकडे नेतो. जुनं काम चांदीच्या डाखाने (सांधा जोडायला वितळवतात त्या धातूने) केलेलं असेल तर सांधा बारीक आणि नाण्याच्याच रंगाचा. राखाडी, मऊ, नखाने ओरखडणारा गठ्ठा दिसला तर तो शिशा-कथलाचा डाख, म्हणजे कोणीतरी नंतर केलेली डागडुजी. भोक असेल तर त्याचा आकार बघा: कडी वर्षानुवर्षं लोंबल्याने भोक वरच्या अंगाला लांबट होतं आणि कडीही त्याच जागी झिजून पातळ होते. गोल गरगरीत, कोऱ्या धारेचं भोक आणि काळवंडलेलं नाणं ही जोडी संशयास्पद.

ब्रेसलेटमध्ये फसगत सर्वाधिक होते. खऱ्या ब्रेसलेटमधली नाणी मैत्रिणींनी, बहिणींनी, मावश्यांनी एकेक करून दिलेली असत, त्यामुळे कोरणीचे हात वेगवेगळे असणं स्वाभाविक आहे. पण जोडकाम एका सोनाराचं असे. सगळ्या कड्या एकाच तारेच्या, सांधे एकाच पद्धतीचे आणि शेजारच्या नाण्यांच्या कडा एकमेकींवर घासून जिथे चपट्या झाल्या त्या जागा एकमेकींना जुळणाऱ्या हव्यात. सुटी टोकनं जमवून आज जोडलेल्या ब्रेसलेटमध्ये ही घासण जुळत नाही. उलटही घडतं: अखंड ब्रेसलेट तोडून सुटी नाणी विकली जातात, कारण तशी जास्त पैसे देतात. अखंड, जुळणारं ब्रेसलेट मिळालं तर त्यातलं एखादं नाणं कितीही आवडलं तरी तोडू नका.

किमतीची उतरंड साधारण अशी. तळाला एका अक्षराची किंवा तीन आद्याक्षरांची डाइम. ही भरपूर आहेत. त्यांच्यावर पूर्ण नाव, मग नातं (मदर, बेबी, सिस्टर), मग गाव आणि तारीख. चित्रं आली की भाव उडी मारतो: घर, जहाज, आगगाडी, कुत्रा, एखाद्या धंद्याची हत्यारं. त्यातही पक्षी आणि फुलं नेहमीची, आगगाडी आणि कारागिराची हत्यारं कमी. सुरुवात करणाऱ्याला माझा सल्ला असा की पाच साधी आद्याक्षरं घेण्याऐवजी त्याच पैशांत एक नाव-गाव-तारीख असलेलं घ्यावं. जनगणनेच्या आणि चर्चच्या नोंदींत तो माणूस शोधण्याची निदान शक्यता राहते. तुम्ही जमवायला सुरुवात करणार असाल तर एखादा धागा धरा: फक्त एका राज्यातली, फक्त फांद्यांची अक्षरं, फक्त व्यवसायाची चित्रं. नुसती दिसतील ती डाइम घेत गेलात तर वर्षभरात डबा भरेल आणि एकही लक्षात राहणार नाही.

तीन चीजा याच टेबलावर विकल्या जातात पण त्या वेगळ्या आहेत. 1913 नंतरच्या बफेलो निकेलवर (पाच सेंटच्या नाण्यावर) चेहरा बदलून कोरलेला, तो होबो निकेल. नाण्याचंच मूळ चित्र ठेवून त्यात रंगीत मीना भरलेला व्हिक्टोरियन ब्रोच, ते मीनाकाम. आणि ट्रेड डॉलर (चांदीचं मोठं अमेरिकन नाणं) आतून पोखरून, फोटो लपवायला केलेली डबी. आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेशी तुलना करण्याचा मोह होतो, पण व्हेनिसच्या डुकाटवरून आलेल्या पुतळीत नाण्यावरचा मूळ छापच मिरवायचा असतो. इथे तो पुसून माणसाचं नाव घालायचं असतं.

तांब्याच्या ब्रिटिश कैद्यांच्या टोकनांकडे नवख्याने इतक्यात वळू नये. 1788 ते 1868 या काळात ऑस्ट्रेलियाला पाठवलेले कैदी जाण्याआधी पेनी घासून घरच्यांसाठी मजकूर कोरत किंवा कोरून घेत. 1797 ची जाड कडेची 28 ग्रॅमची, 36 मिमीची पेनी त्यासाठी फार वापरली गेली. कॅनबेराच्या नॅशनल म्युझियम ऑफ ऑस्ट्रेलियाकडे अशी तीनशेहून अधिक आहेत. भाव मोठा, म्हणून खोट्यांचा सुळसुळाट. नाव ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी न्यायालयाच्या खटल्यांच्या नोंदीत सापडलं की लोक निश्चिंत होतात. पण त्या नोंदी इंटरनेटवर सगळ्यांना खुल्या आहेत, तशाच त्या खोटं कोरणाऱ्यालाही. मालकीचा जुना माग नसेल तर हात आखडता घ्या.

आता साफसफाई. पितांबरी, चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, सोनाराकडचं उजाळणं आणि बाजारात मिळणारं चांदी बुडवायचं द्रावण यांपैकी काहीही नाही. ब्राइट कटची चमक ही खाचेच्या उतरत्या भिंतीच्या सपाटीवर अवलंबून असते. एकदा बफ फिरला की भिंत गोलावते आणि ती चमक पुन्हा आणता येत नाही. फार तर डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा थेंब, पाच मिनिटं भिजवणं, मऊ कुंचल्याने मळी ढिली करणं, स्वच्छ डिस्टिल्ड पाण्यात दोनदा बुडवून टिपून घेणं. पुसायचं नाही, टिपायचं. प्लास्टिकच्या पाकिटातला हिरवा चिकटा असेल तर शुद्ध ॲसिटोन (नेलपॉलिश रिमूव्हर नव्हे), काचेच्या वाटीत, खिडकी उघडी ठेवून आणि गॅसपासून लांब. मोती, चिकटवलेले खडे किंवा रंग असेल तर ॲसिटोन वर्ज्य.

तुमच्या नाण्यावरचं पिनचं बूड काढू नका आणि त्यावर नवी कडीही बसवू नका. चांदीचा डाख वितळायला सातशे अंशांच्या आसपास आच लागते. त्या तापात 90 टक्के चांदीतलं तांबं पृष्ठभागाखाली जळून जांभळट-करडे डाग उमटतात, ते घालवायला उजाळावं लागतं, आणि मग कोरणी जाते. बूड शिशाच्या डाखाने बसवलेलं असेल तर आणखी वाईट: तापलेलं शिसं चांदी खातं आणि नाण्याला खड्डे पडतात. घालायचंच असेल तर सोनाराला सांगा की नाण्याला आच लावायची नाही, चिमटा लावायचा नाही. 18 मिमीच्या नाण्याला बसेल अशी, स्क्रूने घट्ट होणारी चांदीची वेगळी चौकट करून द्या. बूड लिबर्टीच्या बाजूला आहे, तेव्हा त्या बाजूने चौकट मोकळी ठेवावी लागेल, आणि एवीतेवी अक्षरंच दिसायला हवीत. रोजच्या वापरात नको. घाम, अत्तर आणि ओढणीची घासण यांनी केसासारख्या रेघा जातात.

ठेवायला पॉलिस्टर फिल्मचं पाकीट किंवा पुठ्ठ्याची चौकट. मऊ, वास येणारं पीव्हीसी पाकीट टाळा. पिन असलेलं नाणं पाकिटात मावत नाही; त्याला पॉलिथीनच्या फोममध्ये खाच कापून डबीत बसवा. दागिन्यांची मखमली डबी बघायला छान, पण अस्तरातल्या रंगातून आणि गोंदातून गंधक सुटून चांदी काळी पडते. रबरबँड आणि वर्तमानपत्र त्याच कारणासाठी बाद. मुंबई-कोकणात पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी हवीच, आणि तिचा रंग बदलला की ती बदला.

भारतात आणायचं असेल तर खरेदीची पावती आणि फोटो जवळ ठेवा आणि विमानतळावर जाहीर करा. शुल्काचे दर बदलतात, ते त्या वेळी सीमाशुल्क खात्याकडून विचारून घ्या. महत्त्वाचं पुढचं आहे. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेष ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे पुण्यातल्या आईला दाखवून परत घेऊन जायचा बेत असेल तर येताना जाहीर केल्याचा कागद नसताना परतीच्या वेळी वाद घालावा लागेल. दाखवण्यापुरतं असेल तर दोन्ही बाजूंचे आणि कडेचे चांगले फोटो पाठवा, सोबत वजन आणि व्यास लिहा, आणि नाणं तिकडेच राहू द्या.